फॉर्मची मागची बाजू

मी तापट माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे सारवासारव करायला जागा राहणार नाही. गोंदियाच्या एका कॉलेजात मी जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं आणि जन्मभर खडू फेकून मारले. पोरं माझ्या मागे मला काय म्हणत ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, ऐकून बरंही वाटायचं. आपला धाक आहे त्या अर्थी आपल्याला काहीतरी येतं, असा माझा समज होता.

नव्व्याण्णव साली आमच्याकडे पहिला कॉम्प्युटर आला. बाकीचे प्राध्यापक त्याला हात लावायला भीत, म्हणून तो माझ्या खोलीत बसवला. शिपाई रोज सकाळी त्याला उदबत्ती ओवाळायचा आणि मी खेकसलो की, साहब, मशीन का मूड बिगड़ गया तो, म्हणून मलाच समजवायचा. हळूहळू मानसशास्त्र आणि समाजशास्त्रात एम.ए., पीएच.डी. करणारे विद्यार्थी माझ्याकडे यायला लागले. माणसं कशी वागतात, कशाला भितात, निर्णय कसे घेतात, असले त्यांचे विषय. ते गावोगाव फिरून प्रश्नावल्या भरून आणायचे. मी उत्तरांचे आकडे करून कॉम्प्युटरात टाकायचो आणि गणित मांडून द्यायचो. गाइड त्यांचे वेगळे असत, मी आपला मदतीला. पण आकडे निघाले की गाइडसुद्धा माझ्या तोंडाकडे पाहत. आकड्यांतलं तुम्हालाच कळतं, असं म्हणून सही करून मोकळे होत. माझ्या डोक्यात हवा जायला एवढं पुरे झालं.

ती आली तेव्हा दोन हजार पाचच्या आसपासचं साल असेल. केशोरीकडच्या एका खेड्यातली मुलगी. बौद्ध घर, वडील राईस मिलमध्ये पोती उचलायचे, घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली ती पहिलीच. बोलायची अस्सल झाडीबोलीत, लिहायची मात्र छापल्यासारखं. तिनं पीएच.डी.ला नाव घातलं होतं. खेड्यातल्या बायका घरातले आणि कामातले निर्णय कसे घेतात, हा विषय. नोंदणी पक्की होण्याआधी तिला पहिल्या टप्प्याचा अहवाल द्यायचा होता. चाळीस बायकांचे फॉर्म तिनं भरायचे, आकडे मी तपासायचे आणि मग कमिटीनं पाहायचं. ते पार पडलं तर पुढे पीएच.डी., नाही तर घरी. घरच्यांनी लग्नाची बोलणी या अहवालापुरतीच थांबवली आहेत, हे तिनंच एकदा मला सांगितलं होतं. त्यामुळे तिचं काय पणाला लागलंय हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

शनिवारी शनिवारी ती यायची आणि प्रश्न विचारून भंडावून सोडायची. बाई प्रश्नाचं उत्तरच देत नसेल तर काय लिहायचं? हसली तर? सासूकडे पाहून बोलली तर? एकदा मी वैतागून म्हणालो, "अगं, फॉर्मची मागची बाजू कोरी आहे ना? जे दिसेल ते तिथं लिहीत जा. माझं डोकं नको खाऊ." तिनं मान डोलावली आणि वहीत तेही लिहून घेतलं. मी रागावलो की ती लिहून घ्यायची, हे मला तेव्हा फार गमतीचं वाटे.

पुढे इटियाडोह धरणाचं पाणी कालव्याला सुटलं आणि उन्हाळी धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली. बायका दिवस उजाडल्यापासून चिखलात, घरी कोणाची गाठ पडेना. म्हणून ही बांधावर जाऊन बसायची आणि त्या जेवायला वर आल्या की फॉर्म भरायची. पंधरा दिवसांनी तिनं चाळीस फॉर्म पिवळ्या सुतळीनं बांधून माझ्या टेबलावर ठेवले. कोपऱ्यांना चिखल वाळला होता. तोंडावर तिच्या असा आनंद होता की मीसुद्धा त्या दिवशी शिपायाला तिच्यासाठी चहा सांगितला.

फॉर्मवर चोवीस प्रश्न होते आणि प्रत्येकाला पाच पर्याय, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. एका बाईचा फॉर्म म्हणजे कॉम्प्युटरवर आकड्यांची एक आडवी ओळ. पहिल्या सात-आठ ओळी टाकल्या आणि माझं डोकं ठणकलं. दुसरी ओळ पहिलीसारखी, तिसरी दुसरीसारखी. शेवटी पाहतो तर चाळीसपैकी दोन-तीन सोडले तर सगळ्या ओळी हुबेहूब एक. अरे, सख्ख्या बहिणींची चोवीस उत्तरं कधी जुळत नाहीत आणि इथं अख्ख्या गावातल्या बायकांची जुळली? पेन एक, खूण करायची पद्धत एक. पोरगी कुठंतरी मोहाच्या झाडाखाली बसली आणि तिनं एका बैठकीत सगळे फॉर्म स्वतःच भरले, असं मी पाच मिनिटांत ठरवून टाकलं. असे प्रकार मी पाहिले होते. पकडल्याचा आनंदही होता, तो लपवत नाही.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी मी आजवर कोणाला सांगितली नाही. त्याच वर्षी आमच्या कॉलनीतली एक मुलगी माझ्याकडे फॉर्म घेऊन आली होती. तिचे तर उघड उघड घरी बसून भरलेले होते. दोन फॉर्मवर एकाच बाईचं वय वेगवेगळं होतं. तिच्या वडिलांबरोबर मी रोज सकाळी फिरायला जायचो. तिला मी खोलीत बोलावलं, दार लावलं आणि हळूच म्हणालो की बाळा, पुन्हा एकदा गावात जाऊन ये, कोणाला काही बोलू नकोस. ती गेली, फॉर्म नीट भरून आणले, आज ती कुठंतरी प्राध्यापक आहे.

केशोरीकडच्या मुलीला मी खोलीत बोलावलं नाही. तिला थेट कमिटीपुढे उभं केलं. तिचे गाइड होते, आणखी दोन प्राध्यापक होते, आणि मी कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटून बोलायला लागलो. खोटेपणा म्हणालो, सवलतीवर आलं की असंच होतं, असंही म्हणालो. हो, तेही म्हणालो. कोणी मला अडवलं नाही. एक जण तर मान डोलावत होता.

ती रडली नाही. ओढणीचं टोक मुठीत धरून तिनं एवढंच सांगितलं, "सर, मी गेली होती. सप्पा बाया मायासमोर बसून बोलल्या. पलटवून पाहा ना सर, मांगं लिवलं आहे."

"मागचं कॉम्प्युटरात जात नाही," मी म्हणालो.

गठ्ठा माझ्या हाताखाली होता. सुतळी सोडायची आणि एक कागद उलटायचा, एवढंच काम होतं. मागे काहीतरी लिहिलेलं आहे हे मला दिसतही होतं, कारण शाई या बाजूला उमटली होती. पण मी निवाडा करून बसलो होतो, आणि निवाडा केल्यावर पुन्हा कागद वाचणं मला कमीपणाचं वाटलं. कमिटीनं माझ्या शब्दावर नोंदणी रद्द केली. ती गेली. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झाल्याचं कानावर आलं, आणि मी अक्षता टाकायलासुद्धा गेलो नाही, बोलावलं तरी कोणी होतं म्हणा.

एवढ्यावर थांबलो असतो तरी मी माणसांत राहिलो असतो. पण मी थांबलो नाही. पुढे आमच्याकडे संशोधक विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी दोन दिवसांचं शिबिर भरायला लागलं. वर्तन, सर्वेक्षण, आकडेवारी, सगळं त्यात. माझं व्याख्यान ठरलेलं असायचं: खोटे फॉर्म कसे ओळखावेत. त्यासाठी मी तिचे फॉर्म कपाटातून काढून स्कॅन केले आणि पडद्यावर दाखवायला लागलो. तिचं नाव झाकलं होतं, पण वर गावाचं नाव आणि खाली बायकांच्या सह्या तशाच ठेवल्या. एकेक फॉर्म पुढे सरकवत मी म्हणायचो, बघा, गावात किती एकी आहे. हॉल हसायचा. दरवर्षी त्याच जागी हसायचा. सात-आठ वर्षं मी ते हसू घरी नेलं आणि जेवताना बायकोला सांगितलं.

मग एका वर्षी हॉल हसला आणि तिसऱ्या रांगेतून एक मुलगी उभी राहिली. एम.ए. मानसशास्त्राची, नवीनच. मला वाटलं, पाणी प्यायला जायचं असेल. ती पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "सर, या फारमावरची सही माया आईची आहे. तिले सही कराले मीच शिकवलं होतं."

सही तिरपी होती आणि चौकटीच्या बाहेर गेली होती. मी ती सही सात-आठ वर्षं बघत होतो आणि बनावट सहीचा नमुना म्हणून दाखवत होतो. माझा स्वभाव बघा, तेव्हाही मी आधी तिच्यावरच गुरकावलो. सही खरी असेल, पण उत्तरं सगळ्यांची एकच कशी, असं विचारलं. त्यावर तिला नवल वाटलं. आमच्याकडे तसंच असते ना सर, म्हणाली, आणि जे सांगितलं ते सगळ्या हॉलनं ऐकलं.

त्यांच्या गावात मागे कधीतरी गरिबांची यादी करायला कोणी साहेब कागद घेऊन आले होते. एका बाईनं खरं ते सांगितलं, की घरात सायकल आहे, पंखा आहे. तिचं नाव कटलं. शेजारणीनं यातलं काही सांगितलं नाही, तिचं राहिलं. दोघी एकाच रोवणीच्या टोळीतल्या. असं भांडण झालं की टोळी फुटली, आणि ऐन रोवणीत अर्धं गाव अडून बसलं. टोळी फुटली तर कोणाच्याच बांधीत, म्हणजे खाचरात, धान लागत नाही. तेव्हा बायकांनी बसून ठरवलं, की यापुढे कागद घेऊन कोणीही येवो, आधी आपसात बोलायचं आणि सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं. सरकारी असो, कंपनीचा असो, नाही तर कॉलेजची पोरगी असो. ती मुलगी खाली बसली. मी चहाची सुट्टी जाहीर केली आणि पुन्हा त्या हॉलमध्ये गेलो नाही.

माझ्या खोलीत येऊन मी कपाट उघडलं आणि पिवळी सुतळी सोडली. पहिला कागद उलटला. मग दुसरा. चाळीसही कागदांच्या मागे तिच्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलेलं होतं. सहीवाल्या फॉर्मच्या मागे असं होतं: "बांधावर, जेवणाच्या वेळी. टोळीतल्या सगळ्या सोबत. प्रश्न वाचला की आधी आपसात बोलतात, मग एकच उत्तर. एकटीनं सांगा म्हटलं तर म्हणाल्या, एकटीनं सांगितलं की नाव कटते. म्हणजे एकत्र उत्तर देणं हाच त्यांचा निर्णय आहे का? कदाचित हाच माझा विषय. सरांना विचारणे."

सरांना विचारणे. चार-पाच कागदांच्या शेवटी हे होतं. सर म्हणजे मी. मीच तिला मागे लिही म्हणून सांगितलं होतं. मी जन्मभर ज्याची वाट पाहिली, असं काहीतरी एका विद्यार्थिनीला बांधावर बसून सापडलं होतं, आणि ती ते मला विचारायला आणत होती. शिपायानं येऊन विचारलं, साहब, तबीयत ठीक है? मी त्याच्यावरही ओरडलो.

तिचा पत्ता काढायला आठ दिवस लागले, आणि जायचा धीर करायला महिना. चांद्याकडे जाणाऱ्या गाडीनं अर्जुनीला उतरलो. तहसील कचेरीसमोर तिचं छोटं दुकान होतं. झेरॉक्सचं मशीन, एक टेबल, आणि बाहेर पाटी: सर्व प्रकारचे अर्ज भरून मिळतील. एका म्हाताऱ्याचा अर्ज भरत होती. मला पाहिलं, ओळखलं, आणि बसा सर म्हणून पुन्हा अर्जाकडे वळली. म्हाताऱ्याला तिनं प्रत्येक ओळ वाचून दाखवली, शेवटी कागद उलटून मागची बाजूही दाखवली. मी गठ्ठा मांडीवर घेऊन बसलो होतो.

म्हातारा गेल्यावर मी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणालो की वाचलं. तिनं विचारलं, केव्हा? गेल्या महिन्यात, मी म्हणालो. तिनं सुतळीवरून एकदा बोट फिरवलं. मग मी बरंच काही बोललो. माझं चुकलं, मी विद्यापीठाला पत्र लिहितो, कमिटीला सांगतो, असं काहीबाही. ऐकून ती हसली, पण त्या हसण्यात माझ्यासाठी काही नव्हतं. माझे गाइड वारले सर, म्हणाली, कमिटीवाले रिटायर झाले, तुम्ही पत्र लिवान कोनाले? मग शांतपणे म्हणाली की शिबिराचंही तिला माहीत होतं. आमच्याकडच्या पोरी येतेत ना तुमच्या शिबिराले, दरसाल खबर भेटे मले. दरवर्षी तो हॉल हसला की इथं अर्जुनीत हिला कळत होतं. त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते मला समजलं.

"मले नोका सांगू," ती म्हणाली. "ज्याइच्या सह्या दाखवल्या, त्याइले सांगा." आणि तिनं दुकानाचं शटर खाली ओढलं.

तिच्या स्कूटीवर मागे बसून मी फॉर्मवरच्या त्या गावाला गेलो. गठ्ठा तिनं पुढे पायाशी ठेवला होता. दोन्ही बाजूंना कालव्याचं पाणी आणि चिखलात वाकलेल्या बायका. पुन्हा उन्हाळी धानाचीच रोवणी चालू होती. तिनं हाक मारली तशा सात-आठ बायका बांधावर आल्या. हात चिखलाचे, पदर खोचलेले. तिरपी सही करणारी बाई त्यांत होती. मी न सांगता ओळखली, शिबिरातल्या त्या मुलीचंच तोंड होतं. कॉलेजातले सर आहेत, तुमच्याशी बोलायला आले आहेत, एवढंच तिनं सांगितलं आणि बाजूला उभी राहिली.

मी चपला काढल्या. का काढल्या सांगता येत नाही. मग सांगून टाकलं. की तुमची उत्तरं एकसारखी होती म्हणून मी ते फॉर्म खोटे ठरवले. हिनं घरी बसून भरले म्हणालो, हिचं शिक्षण बंद पाडलं. तुमच्या सह्या शहरातल्या पोरांना दाखवून हसवलं. तुम्ही सगळ्यांनी मला माफ करा.

त्यांनी एकमेकींकडे पाहिलं, मग डोकी जवळ आणून हळू आवाजात बोलायला लागल्या. मी उभा होतो. मागच्या बाजूला लिहिलेलं सगळं माझ्या डोळ्यांपुढे घडत होतं आणि या वेळी प्रश्न माझा होता. शेवटी त्यांतली सर्वांत वयस्क बाई पुढे आली. तिनं हात पदराला पुसले.

"लबाड तं आमी बोललो, गुरुजी," ती म्हणाली. "हिनं आमी बोललो तसंच लिवलं. मंग सजा हिले काऊन?"

बाकीच्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. सगळ्यांचं एकच विचारणं होतं.

उत्तर येत नव्हतं असं नाही, चांगलं येत होतं. कॉलनीतल्या मुलीच्या बापाला मी ओळखत होतो, म्हणून तिच्या खोट्याला दार लावून दुसरी संधी दिली. हिचं मी आडनाव वाचलं होतं, म्हणून हिचं खरं उलटून पाहायचीही मला गरज वाटली नाही. हे त्या बांधावर उभं राहून म्हणायची माझी छाती झाली नाही. बायका एकेक करून बांधीत उतरल्या.

गठ्ठा तिनं स्कूटीवरच राहू दिला. मला परत दिला नाही आणि मीही मागितला नाही.

"चला सर," ती म्हणाली. "गाडी चुकन तुमची."